मार्था सिस्टरांची मोजणी

रुग्णाच्या माथ्यावर भिंग टेकवले की मार्था सिस्टर कोणाशी बोलत नसत. मध्येच कोणी हाक मारली, तर मान न वळवता त्या पुन्हा एकपासून केस मोजू लागत. "जप मधीच चुकला तर तुमी काय करता, गुरुजी? आमचंबी तसंच," असे त्यांनी मला एकदा समजावले होते.

संस्कृतच्या अध्यापनातून निवृत्त झाल्यावर मी नगरच्या एका रुग्णालयात, रुग्णांवरील प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या नीतिसमितीवर होतो. वैद्यक न जाणणारा एक सदस्य तेथे लागतोच. त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाई तेव्हा केसगळतीवरील एका उपचाराचे परीक्षण करीत होत्या. रुग्णाचेच रक्त यंत्रात फिरवून निघणारा पिवळसर द्रव, ज्याला पीआरपी म्हणतात, डोक्याच्या एका बाजूस टोचायचा. दुसऱ्या बाजूस नुसते मिठाचे पाणी. कोणत्या बाजूस काय आहे, हे मोजणाऱ्यास कळू नये, हा त्यातला मुख्य नियम.

सिस्टरांची केडगावची भाची सुनीता याच परीक्षणात होती. पाहायला येणाऱ्या पाहुण्यांची नजर आधी तिच्या विरळ भांगावर जाई. मावशीनेच भाचीचे केस मोजावेत का, हे आम्ही विचारायला हवे होते. सिस्टरांवरील विश्वासापोटी विचारले नाही.

एके दिवशी सुनीता बोलून गेली, "मावशी, पिवळं औषध उजवीकडंच टोचत्यात. बघ की, किती दाट झालंय."

सिस्टरांनी मोजले. उजवीकडे केस पुष्कळच अधिक भरले.

दुसऱ्या दिवशी त्या समितीपुढे उभ्या राहिल्या. "माझं मोजनं धरू नका. मला बाजू कळली हुती."

"सिस्टर, तुम्ही कधी खोटं मोजाल का?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"खोटं न्हाई मोजलं, मॅडम. तरीबी दुसऱ्याकडून मोजून घ्या."

सिस्टरांनी मोजले त्या दिवशी भिंगातून काढून ठेवलेल्या छायाचित्रावरून, बाजू ठाऊक नसलेल्या दुसऱ्या परिचारिकेने मोजणी केली. दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या निघाल्या. सिस्टर ते छायाचित्र बराच वेळ निरखत राहिल्या.

"लव हुती. तिला मी केस म्हनले."

द्रष्ट्याने दृश्यात गुंतू नये, हे मी आयुष्यभर विद्यार्थ्यांना शिकवीत आलो. आपण गुंतलो, असे भर सभेत सांगणारी व्यक्ती मात्र मी तेव्हा प्रथमच पाहिली. त्या सभेत मी होतो, याचा मला आजही अभिमान वाटतो. सर्वांचीच मोजणी नव्याने झाली. काहींना थोडा लाभ, काहींना मुळीच नाही, असे निघाले आणि डॉक्टरीणबाईंनी तसेच लिहिले.

सुनीताला सांगण्याचे काम सिस्टरांनी स्वतःकडे घेतले. मी जवळच्याच बाकावर होतो.

"म्हंजे उगवलंच न्हाई?"

"न्हाई, बाळा. मला दिसलं, कारन मला ते पायजे हुतं."

सुनीता उठून गेली. पुढच्या तपासणीस येईल, असे आम्हांला वाटले नव्हते. ती आली, खुर्चीत बसली आणि भिंग घेऊन आलेल्या दुसऱ्या परिचारिकेला म्हणाली, "आता तुमीच मोजत जा, ताई. मावशीचा माझ्यावर लई जीव हाय."