दादाचा अ‍ॅम्प कंपनीसारखा झाला

मंडळी, आज ओतूरहून माझ्या थोरल्या भावाचा, दादाचा, गिटारचा अ‍ॅम्प दुरुस्त करून आणला. आणायलाच नको व्हता.

आमचे दोघांचे अ‍ॅम्प जुने, एकाच कंपनीचे. माझा मी व्हता तसाच ठेवला. दादानं मात्र जत्रेत ढोलापुढं ऐकू यावा म्हणून त्याच्यात लई बदल केले. माझा गोड वाजायचा, त्याचा भांडल्यासारखा.

दादा वारला, मागोमाग अ‍ॅम्पपण बंद पडला.

आज मेकॅनिक खुशीत म्हणाला, "भाऊ, आतली सगळी जोडाजोड काढून टाकली. एकदम कंपनीसारखा केलाय!"

त्याचे पैसे दिले अन् निघालो. मनापासून काम केलं व्हतं त्यानं.

घरी येऊन तोच लावला, गिटार वाजवली. आई आतून म्हणाली, "तुझा झाला ना? आता थोरल्याचा लाव की."

तुमीच सांगा, तिला काय सांगू?