लहान गावाची टीम

"गाव कोणतं?" मिस्त्री सगळ्यात आधी हेच विचारत. ट्रकचं इंजिन कितीही बोंबलत आलेलं असो, ड्रायव्हर खाली उतरून तक्रार सांगू लागला, की मिस्त्री चिंधीनं एकेक बोट पुसत त्याला थांबवत. आधी गाव, मग नाव, मग इंजिन. "गाव कळलं का रस्ता कळते, अन् रस्ता कळला का इंजिनाचं दुखणं कळते," असं त्यांचं म्हणणं. असं एखादं वाक्य आयुष्यभर वापरणारा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. आमच्या मिस्त्रींचं वेगळेपण एवढंच, की हाच प्रश्न ते अमेरिकेतल्या बास्केटबॉलच्या टीमांनाही विचारत.

पांढरकवड्याला जुन्या हायवेला लागून त्यांचं गॅरेज होतं आणि मागच्या गल्लीत माझं घर. मी कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेब लिहितो. मिस्त्री माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठे, पण मला 'भाऊ' म्हणत. गेल्या हिवाळ्यात ते गेले. त्यांच्याबद्दल गावात लोक बरंच काही सांगतात, त्यातलं निम्मं वाढवलेलं असतं. मी पाहिलं तेवढंच लिहितो.

हा नाद त्यांना खाटेवर लागला. जॅक सरकून पायावर गिअरबॉक्स पडला, पाय मोडला आणि कधी न बसणारा माणूस घरात पडून राहिला. धाकटी मुलगी नाझिया तेव्हा शाळेत होती. तिनं अब्बांची चिडचिड कमी व्हावी म्हणून मोबाइलवर काय काय लावून दिलं, त्यात एकदा अमेरिकेतल्या मोठ्या बास्केटबॉल लीगची मॅच लागली. तिकडची रात्र म्हणजे आपली सकाळ. चहाच्या वेळेला मॅच ऐन रंगात येते. पाय बरा झाला, मॅच काही सुटली नाही. इंजिन उचलायच्या साखळीला तारेनं मोबाइल टांगलेला आणि खाली स्टुलावर मिस्त्री, हे दृश्य आमच्या गल्लीनं पुष्कळ वर्षं पाहिलं. मीही कामावर जाण्याआधी तिथं थांबू लागलो. पहिल्यांदा चहासाठी, मग मॅचसाठी.

इंग्रजी त्यांना येत नसे. त्या लीगचा इतिहास नाझिया वाचून सांगायची आणि मिस्त्री तो आपल्या पद्धतीनं बसवून घ्यायचे. एका टीमचं नाव तळ्यांवरून पडलेलं, कारण तिचं मूळ गाव तळ्यांचं. पुढे ती टीम पार दूर समुद्रकाठच्या शहरात गेली, नाव मात्र तेच राहिलं. मिस्त्री म्हणत, "आपल्या इथं ट्रक विकला का नवा मालक आधी नाव खोडते. ह्यानं खोडलं नाही. चांगला माणूस असन."

दुसरी एक लीग या लीगमध्ये मिळाली, ती हकिगत त्यांनी लग्नासारखी लावली होती. त्यांच्या मते धाकट्या लीगची पोरगी थोरल्या घरात दिली आणि तिनं माहेरून तीन पॉइंटची रेघ आणली, जिच्या बाहेरून चेंडू टाकला की दोनाऐवजी तीन पॉइंट मिळतात ती. मला अशी ढोबळ मांडणी चालत नाही. मी म्हणालो, मिस्त्री, एक नाही, चार टीमा आल्या. आणि रेघ लगेच नाही आली, मागून आली.

"मंग चार सुना," ते म्हणाले. "अन् सुनेचं ऐकाले घरात वेळ लागतेच."

त्यांना सगळ्यात जवळची होती ती वेगळीच गोष्ट. त्या लीगच्या सुरुवातीच्या दिवसांत लहान लहान गावांच्याही टीमा होत्या. त्यांतल्या एका गावात इंजिनाचे पिस्टन तयार करणारा कारखानदार होता. त्यानं आपल्या कारखान्याची टीम काढली आणि ती खेळत खेळत थेट मोठ्या लीगमध्ये जाऊन पोचली. ज्यांनी जन्मभर पिस्टन बसवले, त्यांना ही गोष्ट किती गोड लागली असेल, तुम्हीच बघा. पण पुढे त्या मालकानं टीम उचलली आणि मोटारींच्या मोठ्या शहरात नेली. इथं आलं की मिस्त्रींचा चेहरा उतरायचा. "पिस्टनवाल्यानं असं नव्हतं कराले पाह्यजे." हे वाक्य ते कुठंही काढत. गावाबाहेरून बायपास झाला आणि ट्रक परस्पर जाऊ लागले, तेव्हाही ते हेच म्हणाले.

मी त्यांना हिशेब समजावून सांगे. लहान गाव, पाहायला येणारी माणसं बेताची, खर्च मोठ्या शहराइतकाच, जमणार कसं? ते मान डोलवत. "तुमचा हिशेब बराबर हाय भाऊ. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गावच्या लोकायनं उठून काय पाह्यलं असन?"



गॅरेजमागे भंगार पडायची मोकळी जागा होती. ती साफ करून मिस्त्रींनी मैदान केलं. ट्रकचा मागचा फाळका पांढरा रंगवून खांबावर चढवला आणि त्याला ट्रकच्या चाकाची, टायर धरून ठेवणारी लोखंडी रिंग वेल्ड केली. येणारे-जाणारे विचारत, मिस्त्री, चाक वर लावलं, आता इंजिन झाडावर बसवता का? मिस्त्री म्हणत, आधी पोरी येऊ द्या. पोरी आल्या. नाझिया, तिच्या वर्गातल्या दोघी, केळापूरच्या एका शेतकऱ्याची सायकलवर येणारी मुलगी आणि कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची, म्हणजे पोडावरची, वसतिगृहात राहून शिकणारी एक. पाच जमल्या, सहावी कधी मिळालीच नाही. एखादी आजारी पडली की खेळ बंद.

त्या पाच जणी त्या मैदानावर असा काही नेम धरत की पाहत राहावं. कुठूनही फेकला तरी चेंडू आत. मिस्त्री म्हणत, अमेरिकावाले पाहून राह्यले असते तर उचलून नेलं असतं. मग जिल्ह्याची स्पर्धा आली. आम्ही जीप करून यवतमाळला गेलो आणि तिथं एकीचाही नेम लागेना. चेंडू रिंगवर आपटे आणि बाहेर. पुन्हा आपटे, पुन्हा बाहेर. समोरच्या मुली काही फार चांगल्या नव्हत्या, तरी आम्ही सपाटून हरलो. येताना जीपमध्ये पोरी रडत होत्या. वाटेत गणपतीचं देऊळ आलं तेव्हा एकीनं नुसते हात जोडले. मिस्त्री सगळा रस्ता खिडकीबाहेर पाहत होते.

मला झोप आली नाही. कारणाशिवाय आकडा इतका पडत नाही. सकाळी मेजरिंग टेप घेऊन गेलो आणि शिडी लावून वर चढलो. उंची दहा फूट, बरोबर. रिंगची रुंदी भरली वीस इंच. खाली येऊन मी म्हणालो, "मिस्त्री, रिंग अठरा इंचाची पाहिजे."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काही अडाण्यासारखं बोललो. "अठरा नंबरचं टायर आपल्याकडं कोणत्या गाडीले लागते भाऊ? मोठ्या ट्रकले वीस, लहान्या गाडीले सोळा. अठरा येतच नाही."

असं झालं होतं. दोन इंचांच्या माफीवर पोरींचा हात तयार झालेला. मी म्हणालो, बाजारातून तयार रिंग आणू. त्यांनी ऐकलं नाही. गेले भंगारात, छोट्या गाडीची सोळाची रिंग काढली आणि वीसची कापून त्या जागी ती लावली. पोरी चिडल्या. चेंडू जाईचना. नाझिया तर अब्बांशी भांडलीच, की आधी मोठी लावली, आता लहानी, आमाले येडं करून राह्यले का. मिस्त्री म्हणाले, सोळात टाकणाऱ्याले अठरा म्हणजे विहीर.

आणि ते खरं झालं. पुढच्या वर्षी त्याच मुली जिल्ह्यात जिंकल्या. पांढरकवड्याची टीम असं पहिल्यांदा कुणी माईकवरून म्हणालं. पुढे अमरावतीला त्या हरल्या, पण तिथं नागपूरच्या एका प्रशिक्षक बाईंनी नाझियाला पाहिलं आणि तिला मागितलं. अकरावीला प्रवेश, राहायची सोय, रोज लाकडी फरशीवर सराव.

पाचांतली एक गेली की टीम संपली. हे सांगायला माझी गरज नव्हती.

सकाळी मोबाइल टांगणं बंद. मॅच चालू असेल हे मला माहीत, त्यांनाही माहीत, आणि आम्ही दोघं नुसता चहा घेत होतो. चारपाच दिवसांनी मिस्त्रींच्या बायकोनं, भाभींनी, मला घरात बोलावलं. म्हणाल्या, "भाईसाब, तुमीच सांगा यांले. पोरीसंग बोलून नाही राह्यले, माह्यासंग बोलून नाही राह्यले. इंजिनासंग तेवढं बोलते."

मिस्त्री तिथंच जेवायला बसले होते. मी काही बोलायच्या आत नाझिया दारात येऊन उभी राहिली. तिचा आवाज चढलेला नव्हता.

"अब्बा, पिस्टनवाल्यानं अख्खी टीम नेली. मी एकटी जाऊन राह्यली. चौघी इथंच हायेत."

"चौघीची टीम नसते," मिस्त्री म्हणाले.

"मंग मी नाही जात."

ती हे रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती मनापासून म्हणाली आणि भांडी उचलून आत गेली. मिस्त्रींनी हातातला घास परत ताटात ठेवला. मीही उठलो.

त्यानंतरच्या एका संध्याकाळी कामावरून येताना मी गॅरेजपाशी थांबलो. मिस्त्री बाहेर खुर्ची टाकून बसले होते. समोरचा रस्ता मोकळा पडलेला. पूर्वी याच वेळेला इथं हैदराबादकडचे ट्रक रांगेनं उभे असत आणि मिस्त्रींना मान वर करायला फुरसत नसे. आता एक टमटम गेली, मागून दोन बकऱ्या गेल्या.

"पिस्टनवाला वाईट नसन, भाऊ," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्या माणसाबद्दल त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच असं आलं होतं.

"त्यानंच पोसली ती टीम. लहानीची मोठी केली. मंग त्याले दिसलं असन का हिले आता हे गाव पुरत नाही." मग म्हणाले, "त्याले काय बरं वाटलं असन का?"

मी म्हणालो, नसेल वाटलं.

मिस्त्री उठले, आत गेले. मला बाहेर ऐकू येत होतं. ते नाझियाला विचारत होते, की नागपूरच्या त्या लाकडी फरशीवर हेच बूट चालतात का दुसरे घ्यावे लागतात. मग भाभींचं रडणं ऐकू आलं आणि मी घरी गेलो.

नाझियाला बसमध्ये बसवायला ते एकटेच गेले. कुणी आलेलं त्यांना नको होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मला वाटलं, गॅरेज बंद असेल. नव्हतं. मागून चेंडूचा आवाज येत होता. मी वळसा घालून गेलो. चौघी मैदानावर होत्या आणि पाचवे मिस्त्री. अंगात तेच तेलकट कपडे, मोडून जुळलेला पाय थोडा ओढत. मुलींना सांगत होते की पाचवी सापडेपर्यंत हाताची सवय मोडू द्यायची नाही, मी उभा राहतो, मला म्हातारा समजून सोडू नका. मुली हसत होत्या. केळापूरच्या मुलीनं त्यांच्या हातातून चेंडू काढून घेतला, तेव्हा मिस्त्री सगळ्यांत जास्त हसले.

मग चेंडू परत त्यांच्याकडे आला. त्यांनी तो छातीशी धरला आणि मान न वळवता डावीकडच्या कोपऱ्यात जोरात पास दिला. तिथं नाझिया उभी राहायची. चेंडू कुणाच्याच हातात गेला नाही. तो टप्पे घेत गॅरेजच्या बाजूनं निघाला, जुन्या टायरांना धडकून रस्त्याच्या कडेला जाऊन थांबला. मुली जागच्या जागी उभ्या राहिल्या. कुणी धावलं नाही. मी पुढे व्हायला लागलो तर मिस्त्रींनी हातानंच नको म्हटलं.

ते स्वतः गेले. लंगडत गेले, वाकले, चेंडू उचलला आणि रस्त्याकडे तोंड करून जरा वेळ तसेच उभे राहिले. आल्यावर कुणाकडे पाहिलं नाही. पोडावरची ती मुलगी, जी एरवी दिवसभरात दोन शब्द बोलत नसे, ती डाव्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली होती.

"चाचा, इकडं द्या," ती म्हणाली.

मिस्त्रींनी चेंडू दोनदा जमिनीवर आपटला. या वेळी आधी पाहिलं, मग दिला.