कोब्याला कान लावणारे भाऊजी

उभ्या जालना जिल्ह्यात शिमिटाच्या जमिनीवर आमच्या भाऊजीएवढा जीव लावणारा माणूस दुसरा झाला न्हाई, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. लोक वावरावर जीव लावतात, बैलावर लावतात, कोणी कोणी तर बायकोवर बी लावतात. भाऊजीनं कोब्यावर लावला. माझ्या मालकाचे त्ये चुलत भाऊ, मालकाहून दोन वर्सानं धाकटे, धंद्यानं गवंडी. ऱ्हायला आमच्याच केदारखेड्यात, पण कामाला कुठं बी: आज जालन्याच्या कारखान्यात, उद्या राजूरला, परवा जाफराबादच्या सरकीच्या गोदामात. कोणाच्या बी घरी गेले की राम राम नंतर, आधी चपला काढून घरभर अनवाणी चक्कर मारायची. मधीच थांबून टाचेनं ठोकायचं. आवाज पसंत पडला न्हाई तर खाली बसून, हाताची कोपरं टेकवून, कोब्याला कान लावायचा. तोवर घरची बाई चहाचा कप घेऊन उभीच.

एकदा पुतणीची सोयरीक पाहायला त्येंना संगं नेलं. बाकी मंडळी पोराचं शिक्षण इचारून राह्यली, वावर किती, इहीर किती, आन् भाऊजी देवघरापुढं आडवे. पोराच्या बापाला वाटलं पाव्हण्याला फीट आली. त्यो बिचारा पळत जाऊन कांदा फोडून घेऊन आला आन् यांच्या नाकाला लावला. भाऊजीनं कांदा बाजूला सारला न् म्हणले, "पोरगं चांगलं हाय, द्या पोरगी. पण इथं भराव दबलेला न्हाई, खालून पोकळ हाय." लग्न झालं. पुढल्या पावसाळ्यात देवघरापुढची जमीन हातभर खाली बसली. तव्हापासून त्या सोयऱ्यांच्या गावात भाऊजीला लोक देवरुषासारखं बोलावून न्यायचे.

कोब्याबद्दल बोलायचे त्ये बी माणसाबद्दल बोलावं तसं. हिला घाम येतो. हिची तब्येत नरम हाय. हिला पोटातून ओल लागली. आमची जाऊ, म्हणजे त्येंची बायको, एकदा सगळ्यांपुढं म्हणली, "माझ्या टाचेला बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या त्या यांना दिसत न्हाईत, लोकाच्या घरची केसाएवढी भेग लांबून दिसती." भाऊजीनं तिच्या टाचेकडं नीट पाह्यलं, अगदी जीव लावून पाह्यलं, न् म्हणले, कोकमाचं तेल लाव, तुझ्यावर तेल धरंल, शिमिटावर धरत न्हाई. मंग दिवसभर जावेनं त्येंना भाकर वाढली न्हाई, पण त्येंच्या ध्यानात आलं असंल असं मला वाटत न्हाई.

आता माझं सांगते, कारण भाऊजीचा खरा जीव कळला तो माझ्या कोब्यावर. मालक तापानं गेले तव्हा मोठी पोरगी सात वर्साची आन् धाकटी अंगावर पिणारी. रडायला येळ न्हाई मिळाला, दोन म्हशी व्हत्या त्यांची धार काढायची व्हती. रस्त्याकडची एक खोली मालकानं न् भाऊजीनं दोघांनी मिळून बांधल्ती, खाली कोबा. तिथं पुढं दूध डेअरीचं संकलन आलं. दोन्ही टाइम गावाचं दूध माझ्या खोलीत यायचं, मी मापून घ्यायची, कॅनीत भरायची, गाडी आली की चढवून द्यायची. धा वर्सं त्या खोलीनं आम्हा तिघींना जेवू घातलं. पण दूध सांडतं, आन् सांडलेलं आंबतं, आन् शिमिटाला आंबट बिलकुल सोसत न्हाई. हळूहळू कोबा वरून खाल्ला गेला. खडी उघडी पडली, खड्डे झाले, खड्ड्यात दूध साचायचं, किती बी धुवा, वास जाईना, अळ्या दिसायला लागल्या. गावात पहिला फोन आला त्याच्या आदल्या वर्साची गोष्ट ही. डेअरीचा साहेब होळीच्या आधी आल्ता. नाकाला रुमाल लावून त्यानं सांगितलं, अक्षय तृतीयेपर्यंत, म्हणजे आमच्या आखितीपर्यंत, जमीन नीट करा, न्हाईतर संकलन शेजारच्या गावाला देतो. बोलला शांतपणानं, पण बोलला त्ये करणारा माणूस व्हता. संकलन गेलं तर माझ्याकडं दोन म्हाताऱ्या म्हशी न् दोन पोरी, एवढंच उरत व्हतं.

मी भाऊजीला बोलावणं धाडलं. आले, चपला काढल्या, खोलीत गेले, आन् तिथून जे बाहेर आले त्ये असे की जणू यांना लॉटरी लागली. एवढा बिमार कोबा त्येंनी जन्मात पाह्यला नव्हता. मी म्हणलं शहाबादी फरशी टाकून मोकळं होऊ. तर म्हणले, फरशीला सांधे असतात, दूध सांध्यात शिरंल न् खालून सडवंल, वरून नवरी न् आतून मढं. मी म्हणलं, मंग कोबा उकरून नवा करू. तर म्हणले, नवा बी शिमिटाचाच ना, त्यो बी आंबट खाऊन मरंल. "कोब्याला रोग न्हाई वैनी," त्येंनी सांगितलं, "त्याला कपडा न्हाई. आंबट पावसात तुम्ही त्याला धा वर्सं उघडा उभा केला. आता कपडा कोणता, त्ये पाहू."

आन् मंग त्ये जे पाहाणं सुरू झालं, त्याला गाव अजून हासतं. भाऊजीनं माझ्या डब्यांची झाकणं नेली आन् त्यात भाकरीएवढ्या सात शिमिटाच्या टिकल्या पाडल्या. त्या वाळल्या, पिकून पक्क्या झाल्या, मंग हरेक टिकलीला येगळा लेप दिला. एकीला थापीनं घोटून चकचकीत केलेली लाल रंगाची घोटाई, एकीला मेण, एकीला जवसाचं तेल, एकीला दाराखिडक्याला लावतात त्यो तेलरंग, एकीला डांबर, एक तशीच उघडी, आन् सातवीला जालन्याच्या कारखान्यातून मागून आणलेला दोन डब्यांचा रंग. कारखान्यात जिथं तेजाब सांडतं तिथं त्यो लावलेला त्येंनी पाह्यल्ता. त्याचे दोन डबे येगयेगळे ठेवले तर वर्स वर्स पातळ ऱ्हातात, एकत्र कालवले की तासाभरात दगड. भाऊजी त्याला जोडीचा रंग म्हणायचे. म्हणले, लग्न झाल्यावर गडी कडक होतो तसं.

साती टिकल्या ताकात बुडवल्या. माझ्याच घरी, माझ्याच भांड्यात. पातेलं, कढई, परात, जे हाती लागंल त्यात एक टिकली न् वर आंबट ताक. पंधरा दिवस मी न् पोरींनी तव्यावर वरण केलं म्हणलं तरी चालंल. भाऊजी सकाळ-सांज यायचे, टिकली काढायचे, नखानं खरवडायचे, हुंगायचे, जिभेचं टोक लावायचे, न् पुन्हा अलगद बुडवायचे, लेकराला न्हाऊ घालावं तसं. उघडी टिकली भुगा झाली. घोटाईची चार दिवसात फिकी पडली. तेलाची चिकट ऱ्हाली न् तिला मुंग्या लागल्या. मेणाची चांगली निघाली, तर भाऊजीनं तिच्यावर कढत पाणी ओतलं, मेण वाहून गेलं. कॅनी तर आपण कढत पाण्यानंच धुतो. तेलरंगाला फोड आले. डांबराच्या टिकलीला काही झालं न्हाई, पण ताकानं असा वास धरला की म्हशीनं बी तोंड फिरवलं. दुधानं वास धरला तर साहेब एक दिवस ठेवून घेणार न्हाई. ऱ्हाली सातवी. ती जशीच्या तशी, वरून ताक पुसलं की तोंड दिसंल अशी. भाऊजी ती टिकली घेऊन पारावर गेले, आन् नातू झाल्यावर दाखवत फिरतात तसं सगळ्यांना दाखवून आले.

मंग खोली रिकामी केली, संकलन लिंबाखाली. भाऊजीनं कोबा दगडानं घासला, तेजाबाच्या पाण्यानं धुतला, साध्या पाण्यानं चारदा धुतला, न् वाळू घातला. खताच्या गोणीतला मेणकागद चारी बाजूनं चिकटपट्टीनं जमिनीला चिकटवून ठेवला, दुसऱ्या दिवशी उचलून पाह्यला, खाली थेंब न्हाई. म्हणजे पोटात ओल न्हाई. दाराला कुलूप लावलं, चावी माझ्या हातात दिली न् सांगितलं, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी रंग, तोवर या जमिनीवर कशाचा बी थेंब पडू द्यायचा न्हाई. मी हो म्हणलं.

आन् पाडव्याच्या सकाळी मी त्ये केलं. सगळ्या घराला सारवण घातलं, अंगणात सडा टाकला, मंग त्या कुलपापुढं उभी ऱ्हायली. मालकाला शेवटचं त्या खोलीत निजवल्तं. तव्हापासून हरेक पाडव्याला त्या कोब्यावर मी शेणाचा पातळ हात फिरवत आल्ते, शिमिटाचा असला म्हणून काय झालं. आता रंग चढला की पुन्हा कधी शेण लागणार न्हाई. सणाच्या दिवशी पोटाला देणारी खोली कोरडी कशी ठेवावी? पातळच फिरवला, निव्वळ हात. चैताच्या उन्हात दुपारपर्यंत वाळला, म्या झाडूनं साफ झाडून काढला. जमीन पहिल्यासारखी दिसली. कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी भाऊजी एवढे जोशात आल्ते की अंगणातच दोन्ही डबे कालवून बसले. आता तासाभरात काम झालं पाह्यजे, न्हाईतर रंग डब्यात दगड. जल्दी जल्दी आत शिरले. जन्मात पहिल्यांदा त्येंनी ठोकलं न्हाई, कान लावला न्हाई. थोड्या रंगात बारीक वाळू घालून खड्डे भरले न् बाकीचा रंग पसरत दारापर्यंत उलटे आले. काय दिसायली ती खोली! बाया दारातून वाकून आपलं कुंकू पाहून घ्यायल्या. आठ दिवस वाळू दिली, मंग कॅनी आत घेतल्या.

चौथ्या दिवशी कॅन सरकवली तर तिच्याखालून रंग पापडासारखा सुटून वर आला. म्या तो पापड उलटा करून पाह्यला. खालून हिरवट. मला सगळं कळलं, रंग कोब्याला न्हाई, माझ्या शेणाला चिकटल्ता.

भाऊजीनं दारातूनच पाह्यलं. आत आले न्हाईत. पापड बी हातात घेतला न्हाई. ओट्यावर बसले, डोक्याला हात लावला, न् एवढंच म्हणले की म्हातारा झालो, निवड चुकली. त्यानंतर चार दिवस त्येंनी कोणाच्या घरात कान लावला न्हाई. जाऊ सांगत आली की चपला घालून घरात फिरून राह्यले. तिच्या तोंडावर आनंद असायला पाह्यजे व्हता, पण ती घाबरल्ती. आन् मी गप्प. लाज वाटत व्हती. त्या माणसानं महिनाभर गुडघे झिजवले, न् म्या अर्ध्या बादलीत त्याची माती केली, हे कोणत्या तोंडानं सांगावं?

पाचव्या दिवशी भाऊजी डांबराचं पीप घेऊन दारात आले. आखितीला बारा दिवस ऱ्हाले व्हते. म्हणले, वास येतो तर येऊ दे वैनी, जमीन तरी टिकंल. तव्हा मला दिसलं की मी आणखी गप्प ऱ्हायले तर संकलन बी जाईल न् हा माणूस बी जाईल.

"भाऊजी, म्या पाडव्याला खोली सारवली व्हती."

"कशानं?"

"शेणानं. पातळच."

त्येंनी पीप खाली ठेवलं. मंग आत गेले, एक पापड उचलला, उलटा केला, हुंगला, जिभेचं टोक लावलं. मला वाटलं आता शिव्या पडतील, पडू द्या.

"म्हणजे रंग बराबर व्हता," त्ये म्हणले. पुन्हा म्हणले. मंग डोळ्याला पाणी येस्तोवर हासले न् ओट्यावर बसून म्हणले, "वैनी, चार दिवस मेलेला ठेवलं तुम्ही मला."

मंग पीप तिथंच सोडून गावभर गेले. पारावर, गिरणीत, यष्टीच्या थांब्यावर, सगळीकडं सांगून आले की रंग बराबर व्हता, वैनीनं शेण लावल्तं. माझी लाज गावाच्या तोंडी गेली, पण दुसऱ्या दिवशी चौदा बाया खुरपे घेऊन आल्या. त्यांच्यातल्या निम्म्या म्हणल्या, आम्ही बी सारवलं असतं. तीन दिवसात कोबा खरवडून, धुवून साफ. वाळल्यावर ह्या खेपेला भाऊजीनं आधी पूर्ण खोलीला कान लावला, कोपरा न् कोपरा, मंगच कारखान्यातून आणलेले नवे डबे उघडले. आखितीला साहेब आला. रुमाल खिशातच ऱ्हायला. वाकून हात फिरवला, न् वहीत काहीतरी लिहून संकलन माझ्याकडंच ठेवलं. त्याच जमिनीवर मी पुढं दोन्ही पोरींची लग्नं काढली.

रंग देताना भाऊजीनं दाराच्या आत डाव्या अंगाला हातभर लांब, हातभर रुंद जागा तशीच सोडल्ती, कडेनं सरळ रेघ मारून. मी इचारलं इथं काहून न्हाई. तर म्हणले, "एवढा तुमचा. पाडव्याला काय लावायचं त्ये लावा. बाकीचा माझा."

भाऊजी जाऊन आता बरीच वर्सं झाली. संकलन बी गेलं, मोठ्या गावाला दूध थंड करायचं यंत्र आलं. खोलीत आता पोरीची लेकरं सुट्टीत खेळतात. रंग मधी मधी घासला गेला, पण सुटला कुठंच न्हाई. पाडव्याला मी माझा तुकडा सारवते. हात आता पहिल्यासारखा चालत न्हाई, कधी कधी शेण रेघ ओलांडून त्येंच्या रंगावर जातं. मंग मी तिथंच बसून पदराच्या टोकानं त्ये नीट पुसून घेते, न् वाळेस्तोवर लेकरांना आत येऊ देत न्हाई.