वाळवंटातली वांगी

आमच्या नाटक कंपनीत पडदे रंगवणारा एक माणूस होता. सगळे त्याला कुंचला म्हणत. अंगाने काडी आणि डोक्यावरचे केस कायम उभे, त्यामुळे नावाला वेगळा पुरावा लागत नसे. जंगल, राजवाडा, तुरुंगाची भिंत, समुद्रकाठ, सगळं जग त्याने तीस फुटी कापडावर रंगवलं आणि त्यापुढे आम्ही जगलो, मेलो, लग्नं केली. टाळ्या आम्हाला पडत. त्या वेळी कुंचला मागे बसून रंगात कालवायच्या सरसाचं भांडं घासत असे. स्वभावाने अगदी गरीब गाय. कंपनीतल्या प्रत्येकाच्या घरचं एखादं दार, एखादी खुर्ची त्याने फुकट रंगवून दिलेली आहे. असा माणूस सदतीस वर्षं एक सूड पोसत बसला होता, असं कुणी सांगितलं तर मीही विश्वास ठेवला नसता. पण मी त्या सुडाच्या मिनीबसमध्ये खिडकीपाशी बसून गेले आहे.

सूड घ्यायचा होता तो आमच्या दिग्दर्शकांवर. त्यांना आम्ही मास्तर म्हणायचो. ते कुंचल्याचे सख्खे मेव्हणे, म्हणजे त्याच्या बायकोचे थोरले भाऊ. आवाज असा की तालमीत ओरडले तर रस्त्यावरची माणसं थांबत. नटाचा आवाज जरा खाली गेला की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "शेवटच्या रांगेतल्या माणसानेही तिकीट काढलंय!"

तर ते नाटक वाळवंटाचं होतं. तिसऱ्या अंकात काफिला वाट चुकतो, पाणी संपतं आणि सरदाराची बायको तहानेने मरते. ती बायको मी. दोनशे बारा प्रयोगांत दोनशे बारा वेळा मेले. कुंचला अजून मला 'तहानबाई' म्हणतो.

वाळवंट आमच्यापैकी कुणीच पाहिलेलं नव्हतं. पण रंगशाळेसमोर एक इमारत उठत होती आणि तिथे एका ट्रकने वाळूचा ढीग टाकला होता. कुंचला रोज पहाटे चहाचा ग्लास घेऊन त्या ढिगासमोर उकिडवा बसायचा. ऊन वर आलं की ढिगाची एक बाजू पिवळी व्हायची. दुसऱ्या बाजूची सावली मात्र काळी नाही, तपकिरी नाही, चक्क जांभळी दिसायची. त्याने तेच रंगवलं. अकरा दिवस शिडीवर उभा राहून लांबच लांब टेकड्या आणि त्यांच्या पोटातून वाहणाऱ्या जांभळ्या सावल्या काढल्या. रंगीत तालमीला मी त्या पडद्यापुढे उभी राहिले आणि माझा घसा खरोखर कोरडा पडला.

तेवढ्यात खालच्या अंधारातून मास्तरांचा आवाज आला, "वाळवंटात वांगी पिकतात हे मला ठाऊक नव्हतं."

अठरा माणसं होती. अठराही हसली. मी सगळ्यांत मोठ्याने हसले, कारण माझं हसू शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला शिकवलेलं होतं.

"तीन वाजेपर्यंत पिवळं करून टाक," मास्तर म्हणाले.

"मास्तर, एकदा उन्हात येऊन बघा. सावली जांभळीच असते."

"ढिगाला वाळवंट म्हणू नये, कुंचल्या."

कुंचला पिवडीची बादली घेऊन शिडीवर चढला. आम्ही खाली जेवत होतो आणि वर तो आपले अकरा दिवस पुसत होता.

बरं, तेवढ्यावर भागलं असतं तर एक वेळ ठीक. पण वांगी संपली नाहीत. घरात चार माणसं जमली की मास्तर विचारणार, "काय कुंचल्या, यंदा पीक कसं आहे?" बहीण बाजारातून आली की पिशवीत डोकावणार, "घरच्या शेतातली दिसतात." कुंचला निवृत्त झाला तेव्हा मास्तरांनी भाषण केलं, त्यातही वांगी आली आणि लोक पोट धरून हसले. कुंचलाही हसायचा. फोटो दाखवावा, तर मास्तर म्हणणार ही छापखान्याची शाई. वाद मिटवायला खुद्द वाळवंटच हवं होतं आणि तिकडे जायला कधी सवड नसे, कधी गुडघे नसत. वर्षं गेली. राग विटला असं त्यालाही वाटलं.

मग मागच्या वर्षी त्याच्या डोळ्यांतला मोतीबिंदू काढला. पट्टी सुटली त्या दिवशी त्याने मला फोन केला.

"तहानबाई, न्हाणीघरात टॉवेल टांगलाय. त्याची सावली बघतोय."

"मग?"

"जांभळी आहे गं. ढिगासारखी. इतकी वर्षं मला फिकं दिसत होतं, म्हणून वाटलं राग फिका पडला. छे! राग जसाच्या तसा आहे. जाळं डोळ्यावर होतं."

आठवड्याभराने मी त्यांच्याकडे गेले, तर जेवणाच्या टेबलावर ताटं ठेवायला जागा नव्हती. नकाशा, फूटपट्टी, तीन रंगांच्या पेन्सिली आणि वाळवंटातल्या तीन राष्ट्रीय उद्यानांच्या कार्यालयांतून आलेली पत्रं. तीन दिवस, दोन रात्री. पहिलं उद्यान मिठाच्या पठाराचं, दुसरं तांबड्या खडकांचं, तिसरं वाळूच्या टेकड्यांचं.

"तीन कशाला? एक पुरे की."

"एकाच ठिकाणी जांभळी दिसली तर तो म्हणेल योगायोग. मिठावर दाखवीन, खडकावर दाखवीन. पहिली दोन उद्यानं रंगीत तालीम, तिसऱ्यात प्रयोग." त्याने पेन्सिल एका ठिपक्यावर टेकवली. "वाहनतळापासून सहाशे पावलं. दुसरी टेकडी, पूर्वेकडे पाठ. सहा वाजून बारा मिनिटांनी सावली पडते. तिथे त्याला उभा करायचा आणि वदवून घ्यायचं. तुमच्या सगळ्यांसमोर."

"आम्ही कशाला?"

"हसायला होता ना? मग ऐकायलाही या."

हिशेब सरळ होता. अपमान अठरा जणांसमोर झाला, तर माफीही त्यांच्यासमोरच हवी. पण अठरातले चालते-फिरते उरलो होतो चार. मी, दिवेवाला, कपडे शिवणारी बाई आणि कानाने अधू झालेला प्रॉम्प्टर. दिवेवाल्याने सूर्याचे कोन काढून दिले. म्हणाला, "हाही दिवाच. फक्त बटण आपल्या हातात नाही." शिवणाऱ्या बाईने सगळ्यांना मानेवर पडदा असलेल्या टोप्या शिवल्या. प्रॉम्प्टरला योजना तीनदा समजावली. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "वा! म्हणजे सहल आहे!"

वहिनी, म्हणजे कुंचल्याची बायको, कपाळाला हात लावून बसली होती. "अहो, माझ्या भावाला वाळवंटात नेऊन मारणार आहात का?"

"मारणार नाही. जिवंत लागतो तो मला."

आणि इथेच घोटाळा झाला. एका रविवारी मास्तर चहाला आले. बशीत चहा ओतताना निम्मा टेबलावर सांडला. नुकताच पांढरा रंग दिलेल्या भिंतीकडे बघून म्हणाले, "हा पिवळट रंग कुणी निवडला?" कुंचल्याचा चेहरा उतरला. दुसऱ्याच दिवशी तो आपल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे धावला. त्यांनी सांगितलं, पिकलेल्या मोतीबिंदूतून जग पिवळंच दिसतं, निळा-जांभळा तर आतच शिरत नाही.

"म्हणजे बघ," कुंचला मला म्हणाला, "त्याला टेकडीवर नेऊन उभा केला तर तो म्हणेल पिवळी. आणि खोटं नाही बोलणार! प्रामाणिकपणे म्हणेल. मग मी काय करू?"

"ऑपरेशन करून घे त्यांचं."

मी थट्टेने म्हटलं. त्याने ते पेन्सिलीने नकाशाच्या वर लिहिलं. सहलीचा पहिला टप्पा, मास्तरांचे डोळे.

मास्तर ऑपरेशनला तयार नव्हते. भरल्या थिएटरला न घाबरणारा माणूस एका सुईला घाबरत होता. मग कुंचल्याने जे केलं ते सख्खा भाऊही करणार नाही. रोज सकाळी मास्तरांच्या घरी. आज गोडीने, उद्या धाकाने, परवा स्वतःचा डोळा ताणून दाखवत. शेवटी हाताला धरून दवाखान्यात नेलं. एक डोळा झाला, काही आठवड्यांनी दुसरा. दिवसातून चार वेळा थेंब घालायला घड्याळ लावून जायचा. शेजारीपाजारी म्हणू लागले, मेव्हणा असावा तर असा! वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुमचं मन निवळलं हो," ती म्हणाली.

"निवळू दे त्याचा डोळा," कुंचला म्हणाला.

दुसऱ्या डोळ्याची पट्टी सोडली तेव्हा मी दवाखान्यात होते. पांढऱ्या चादरीवर पाण्याच्या तांब्याची सावली पडली होती. मास्तर बराच वेळ बघत राहिले.

"कुंचल्या, अरे, हे जांभळं..."

कुंचल्याने झडप घालून त्यांच्या तोंडावर हात ठेवला. "गप्प! एक अक्षर नाही. इथे नाही!"

"अरे पण मला म्हणायचंय की..."

"काय म्हणायचंय ते पुढच्या महिन्याच्या सव्वीस तारखेला. सहा वाजून बारा मिनिटांनी. दुसऱ्या टेकडीवर."

नर्सने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "नातं आहे त्यांचं."

मास्तर काही दुधखुळे नव्हते. वाळवंटाच्या सहलीचं आमंत्रण कशासाठी आहे ते त्यांना त्या क्षणी उमगलं. घरी गेल्यावर बहिणीला फोन केला. डॉक्टरीणबाईंनी धूळ टाळायला सांगितली आहे, आपल्याला चक्कर येते, आपण येत नाही. धुळीचं कुंचल्याने आधीच बघितलं होतं. सव्वीस तारीख ऑपरेशनपासून बरोबर आठव्या आठवड्यात होती आणि मास्तरांसाठी सगळ्या बाजूंनी बंद असलेला चष्माही आणून ठेवला होता. त्याने फोन बायकोच्या हातातून घेतला. आवाज अगदी मऊ.

"नका येऊ, मास्तर. आम्ही पाच-सहा जण जाऊन येतो. कुणी विचारलं तर सांगेन, मास्तरांनी प्रवेश चुकवला."

नाटकवाल्याला चोर म्हणा, दारुडा म्हणा, तो हसून सोडून देईल. प्रवेश चुकवला असं म्हणू नये.

"मी आयुष्यात एकही प्रवेश चुकवला नाही!" मास्तर गरजले.

"मग चोवीस तारखेला सकाळी सात वाजता बस दाराशी येईल."

प्रवासाबद्दल फार सांगत नाही. कुंचल्याने प्रत्येक थांब्यावर संडास कुठे आहे तेसुद्धा लिहून घेतलं होतं. मिठाच्या पठारावर सावली निळसर जांभळी होती, खडकांत तांबूस जांभळी. मास्तर दोन्ही ठिकाणी तोंड उघडायचे आणि कुंचला बोट ओठांवर ठेवायचा. दोन दिवस त्या माणसाला त्याने स्वतःची हार गिळून बसायला लावलं. मला विचाराल तर सुडाचा खरा स्वाद तोच होता. जेवताना मास्तरांना पहिला घास वाढायचा, पाठीला उशी द्यायचा, आणि बोलू द्यायचा नाही.

सव्वीस तारखेला आम्ही सहाशे पावलं चाललो. वाळू गार होती. मास्तर दुसऱ्या टेकडीवर उभे राहिले आणि आम्ही अर्धवर्तुळात, जसे त्या दिवशी रंगमंचावर होतो तसे. ऊन आलं. टेकड्यांच्या पोटातून सावल्या पसरत गेल्या आणि मला तो पडदा दिसला. तीस फुटी, अकरा दिवसांचा, पिवडीखाली गाडलेला. रेघ न रेघ तीच. माझा घसा पुन्हा कोरडा पडला.

"बोला," कुंचला म्हणाला.

मास्तरांनी घसा खाकरला. "सावली जांभळी आहे," ते पुटपुटले. "मी चुकलो."

कुंचला वळला आणि चालू लागला. आमच्या थिएटरात बावीस रांगा होत्या. रांगेला दोन पावलं धरून तो मोजत वाळूतून दूर गेला, थांबला आणि तोंड वळवून ओरडला.

"ऐकू आलं नाही!"

"मी चुकलो!" मास्तर जरा वर गेले.

"तिकीट मीही काढलंय, मास्तर!"

मग मास्तरांनी पाय रोवले, छाती भरून घेतली आणि वयाची ऐंशी गाठत आलेला तो आवाज टेकड्यांवरून फेकला. "सावली जांभळी आहे! तू बरोबर होतास, कुंचल्या! मी चुकलो!"

प्रॉम्प्टरसुद्धा दचकला. कुणी हसलं नाही. मला वाटलं, आता कुंचला येऊन मेव्हण्याला मिठी मारणार. आला, पण हात पाठीमागे बांधून.

वहिनीने विचारलं, "झालं समाधान?"

"पिवळ्या सावलीचे दोनशे बारा प्रयोग झाले," कुंचला म्हणाला. "हा एक झाला."

आम्हाला ती थट्टा वाटली. थट्टा नव्हती. मागच्या रविवारी मी त्यांच्याकडे होते. घंटा वाजली. दार उघडलं तर मास्तर उंबऱ्याबाहेर उभे, एका हातात काठी, एका हातात टोपी. आत आले नाहीत. तिथेच उभं राहून, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात, टेकडीवरचं ते पूर्ण वाक्य म्हणाले. मग धापा टाकत म्हणाले, "छातीत धडधडतं रे हल्ली. चहा टाक."

आतून कुंचल्याचा आवाज आला, "त्रेचाळीस. आणि धडधडतं तर डॉक्टरांना दाखवा, उद्या नऊला मी येतो न्यायला. एकशे एकोणसत्तर बाकी आहेत. ते पुरे केल्याशिवाय तुम्हाला मरू देणार नाही."

चहा त्यानेच टाकला. दोन चमचे साखर, मास्तरांना लागते तशी.