लाडूचे डोळे

मी या सदराची जुनी वाचक आहे... लिहिणारी नाही. खरं सांगायचं तर असले अनुभव मी वाचते ते त्यामागचं साधं कारण शोधायला. बहुतेक वेळा ते सापडतंही — वायरिंग, ताप, अर्धवट झोप, मांजर. माझ्या बाबतीत मात्र सापडलं नाही, म्हणून लिहितेय. शिक्षण सगळं कतारमध्ये, दोह्यातच, इंग्लिशमधून. मराठी आईने घरी शिकवलेलं. चुकलं तर समजून घ्या.

आम्ही अल हिलालमध्ये राहतो. आई, दादा, वहिनी आणि मी. दादा रास लफानच्या गॅस प्लांटमध्ये शिफ्टला असतो, वहिनी बँकेत, आणि मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्रॉइंग्ज करते. बाबा गेल्यापासून आम्ही चौघंच. आई चिपळूणजवळची. सापाला ती साप म्हणत नाही, लांबडं म्हणते. नागपंचमीला आमच्याकडे आजही काही चिरत नाहीत, तवा ठेवत नाहीत. अशा घरात मी पायथन, म्हणजे अजगर आणला, हे आधीच सांगून टाकते.

मला प्राणी हवा होता, पण कुत्र्याला फिरवायला नेलं की लोक बोलायला येतात. मला ते जमत नाही. इथे उन्हाळा आला की कायमचे परत जाणारे लोक आपले प्राणी देऊन टाकतात. द पर्लमध्ये राहणाऱ्या एका परदेशी शिक्षिकेकडे दोन साप होते. एक बोआ, सहा फुटी, देखणा, हातावर घेतला की लगेच खांद्यापर्यंत चढणारा. आणि एक छोटा बॉल पायथन. तो घाबरला की अंगाची गुंडाळी करून डोकं आत लपवतो. मी आत गेले तेव्हाही त्याने तेच केलं. मी अर्धा तास नुसती बसून राहिले, तेव्हा कुठे त्याने डोकं बाहेर काढलं. मी तोच निवडला. का, ते सांगायची गरज नाही.

घरात जागा शोधणं कठीण होतं. आमच्याकडे एसी सतत चालू; कोरडी, गार हवा अशा सापाला सोसत नाही. शेवटी हॉल आणि बेडरूमच्या मधल्या पॅसेजमध्ये चार फुटी काचेची पेटी ठेवली, कारण तिथे एसीचा झोत पोचत नाही. एका टोकाला खालून ऊब देणारी चटई, दुसरं टोक गार, दोन्हीकडे लपायला जागा, खाली नारळाचा भुसा, आणि ओलावा मोजायचं एक छोटं मीटर. आईच्या अटी दोनच. पेटीचं तोंड देवाकडे नको, आणि गोठवलेले उंदीर तिच्या फ्रीजमध्ये, कोळंबीच्या शेजारी नकोत. मी स्वतःसाठी छोटा फ्रीजर घेतला. दादाने गुंडाळी बघून त्याचं नाव लाडू ठेवलं. "बेसनाचा," तो म्हणाला, "जरा जास्त भाजलेला."

सुरुवातीला सगळं ठीक होतं. तो खात होता, एकदा त्याने अखंड कात टाकली. मग दादा आणि वहिनी महिनाभराच्या सुट्टीवर पुण्याला गेले आणि परत आले. ते आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लाडूचे डोळे पांढरे झाले.

यात काही विशेष नाही. कात टाकण्याआधी सापाचे डोळे थोडे दिवस दुधाळ, निळसर होतात, त्याला नीट दिसत नाही. मग ते स्वच्छ होतात आणि कात पडते. मी हे चहा पिताना सगळ्यांना समजावून सांगत होते. आई सहज म्हणाली, "आमच्याकडे म्हणतात, गर्भार बाईची सावली पडली की लांबडं आंधळं होतं." बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. कारण वहिनीला आधी दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा राहिलं नव्हतं. दुसऱ्या वेळी तर ठोका थांबून बरेच दिवस झाल्यावर सोनोग्राफीत कळलं. तेवढे दिवस ती रोज ऑफिसला जात होती, पोटावर हात ठेवून बोलत होती.

वहिनीने कप खाली ठेवला आणि आत गेली. दादा तिच्यामागे गेला. थोड्या वेळाने बाहेर येऊन त्याने सांगितलं की तिला दिवस गेले आहेत, आणि तीन महिने पूर्ण होईपर्यंत या खेपेला कोणालाही सांगायचं नाही असं दोघांनी ठरवलं होतं. आई आधी रागावली, मग रडली, मग म्हणाली की ती पेटी आजच्या आज बाहेर काढा.

पेटी ठेवायला सांगितली ती वहिनीने. मला आश्चर्य वाटलं, कारण लाडू तिला कधीच आवडला नव्हता. पण रोज सकाळी बँकेत जाण्याआधी ती पॅसेजमध्ये थांबायची, वाकून त्याचे डोळे बघायची आणि मगच बूट घालायची. डॉक्टरची तारीख महिन्यातून एकदा. हे रोज बघता येत होतं. मी एकदा तिला म्हटलं की हा योगायोग आहे, दोन-चार दिवसांत कात टाकेल. ती म्हणाली, "टाकू दे. तोपर्यंत बघू दे मला."

त्याने कात टाकलीच नाही. आठवडे गेले. डोळे पांढरेच. खाणंही बंद. हे साप महिनोन्‌महिने उपाशी राहू शकतात, त्यामुळे त्याची मला काळजी नव्हती. पण डोळे इतके दिवस तसे राहत नाहीत. मी मीटर बदललं, भुसा बदलला, ओलावा वाढवला. शेवटी त्याला कापडी पिशवीत घालून प्राण्यांच्या डॉक्टरकडे नेलं. तिथे टेबलावर बाहेर काढला... तर डोळे काळेभोर, स्वच्छ. डॉक्टर मला विचारत होता की तक्रार काय आहे. मी फोनमधला त्याच सकाळचा फोटो दाखवला. तो म्हणाला की फोटोतला साप कात टाकायला आलेला आहे आणि टेबलावरचा नाही. त्याने नम्रपणे विचारलंही की तुमच्याकडे दोन आहेत का.

घरी येऊन मी त्याला पेटीत सोडलं. वहिनी संध्याकाळी बँकेतून आली, पॅसेजमध्ये थांबली. मी तिच्या मागे उभी होते. डोळे पांढरे होते.

"काय म्हणाले डॉक्टर?" तिने विचारलं. मी सांगितलं, ठीक आहे म्हणाले. यापेक्षा जास्त मी कोणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दादाने कारणं काढली असती, आणि ती कारणं मीच त्याच्याआधी काढून बघितली होती.

पुढे पोट दिसायला लागलं, बाळ लाथा मारायला लागलं, आणि वहिनीचं पेटीपाशी थांबणं कमी झालं. तिला आता पोटातूनच कळत होतं. ती हसायला लागली होती. आईने तिच्यासाठी डिंकाचे लाडू करायचं मनात आणलं आणि दादाने विचारलं की कुठला लाडू वळतेयस, तेव्हा आईसुद्धा हसली. हे लिहिताना जाणवतंय की त्या महिन्यांत आमच्या घरी सगळेच खूश होते.

आठव्या महिन्यातला शुक्रवार. दुपारची वेळ. दादा शिफ्टला गेला होता. प्लांटमध्ये फोन आत नेता येत नाही. आई स्वयंपाकघरात. वहिनी हॉलच्या तोंडाशी खाली बसून, पेटीकडे पाठ करून, धुतलेली झबली घड्या घालत होती. मी लाडूचं पाणी बदलायला पेटी उघडली.

तो दिवसा कधी बाहेर येत नाही. त्या दुपारी तो पेटीच्या मधोमध होता, डोकं वर उचललेलं. डोळे काळे. स्वच्छ. तो माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या बाजूने पलीकडे, वहिनीच्या पाठीकडे बघत होता.

मला आधी मीटर आठवलं. खरंच. मी ओलावा वाचला, तो बरोबर होता. मग मला डॉक्टरचं टेबल आठवलं, जिथे वहिनी नव्हती. आणि मग लक्षात आलं की आता वहिनी इथेच आहे, चार पावलांवर... मग कोण नाहीये?

मी घरातसुद्धा कमी बोलते. कोणाला काही विचारायचं तर आधी मनात वाक्य जुळवते. त्या वेळी वाक्य जुळेना.

"वहिनी, बाळ हललं का आज?"

"झोपलंय गं. सकाळपासून शांत आहे." ती घडी घालत राहिली. मग तिने वळून माझ्याकडे पाहिलं, आणि नंतर पेटीकडे.

ती किंचाळली नाही. हातातलं झबलं बाजूला ठेवून भिंतीला धरून उठली. "गाडी काढ," एवढंच म्हणाली. आईला मी जाता जाता सांगितलं की तपासून येतो. मी गाडी हळू चालवते, सगळे हसतात मला. त्या दिवशी कशी चालवली ते मला आठवत नाही. वहिनी पोट दाबत होती, एका जागी, परत परत, कोणी दार वाजवावं तसं.

हॉस्पिटलमध्ये ठोका लागला. पण फार हळू, मधेच थांबणारा. नाळ मानेभोवती होती. तिला तशीच ऑपरेशनला आत नेली. दादा पोचला तेव्हा अंधार पडायला आला होता, अंगावर प्लांटचे कपडे तसेच, आणि तोपर्यंत मुलगी झाली होती. लहानशी, काचेच्या पेटीत. बरेच दिवस ती तिथे होती. आता बरी आहे. पूर्ण बरी आहे.

सगळे म्हणतात वेळेवर आलात. दादा म्हणतो आमची केतकी कमी बोलते, पण नेमकं बोलते. मला कसं कळलं, हे कोणी विचारलं नाही.

लाडूने त्याच आठवड्यात उंदीर खाल्ला आणि पुढे कातही टाकली, अखंड. बाळ घरी यायच्या आधी वहिनीने मला एकटीला गाठून सांगितलं, "त्याला देऊन टाक. उपकार आहेत त्याचे, मी नाही म्हणत नाही. पण देऊन टाक." मी पेटीसकट एका जोडप्याला दिला. ते म्हणतात तो मजेत आहे.

माझ्याकडे कारण नाही. एसीची हवा, डोळ्यांचा काही आजार, फोटोतला उजेड — सगळं धरून पाहिलं, डॉक्टरच्या टेबलापाशी येऊन अडतं. पण मला त्रास देते ती गोष्ट वेगळीच आहे. आम्ही पोचलो तेव्हा बाळाचा ठोका चालू होता. म्हणजे त्या दुपारी बाळ होतं. तरी लाडूचे डोळे स्वच्छ झाले होते. आई एकदाच, भांडी पुसता पुसता बोलून गेली की त्याच्या लेखी पोर गेलीच होती. दादाने तिला गप्प केलं. तेव्हापासून तो विषय घरात निघत नाही.

मुलगी आता रांगते. परवा दुपारी ती झोपली होती, घर शांत होतं. मी जवळ गेले आणि तिच्या नाकाशी बोट धरलं. श्वास लागला, तरी धरूनच ठेवलं. मान वर केली तर वहिनी दारात उभी होती. मला वाटलं ती चिडेल, किंवा काय करतेयस म्हणून विचारेल. तिने काही विचारलं नाही. आत आली, माझा हात हलकेच बाजूला केला आणि तिथे स्वतःचं बोट धरलं.