सिराजोद्दीनची अमानत

बदनापूरच्या एका बियाणे कंपनीच्या गोदामात सिराजोद्दीनचं अर्धं आयुष्य पोती मोजण्यात गेलं. अठ्ठ्याण्णव साली तिथं कॉम्प्युटर आला, आणि रोजच्या मालाची फाईल फोनच्या तारेवरून जालन्याच्या हेडऑफिसला धाडायचं काम त्याच्याकडे आलं. कामासोबत कुलरच्या खोलीतली खुर्ची आली आणि एक पासवर्डही आला.

"ही अमानत हाय," तो सांगायचा. "बायकोलाबी सांगितली न्हाई."

बदरुन्निसानं कधी विचारलंच नव्हतं, ती गोष्ट वेगळी.

एका शनिवारी यंत्रानं त्याला दारातच अडवलं. पासवर्ड टाकताना पडद्यावर काहीच उमटत नाही, त्यामुळे चुकलं कुठं तेही कळेना. त्यानं पुन्हा टाकला. पुन्हा नकार. सिराजोद्दीनला पोत्यांचा वास येऊ लागला.

त्यानं हेडऑफिसला फोन लावला. तिथले कॉम्प्युटरवाले सर्जेराव म्हणाले, "सिराजभाई, काल दुपारी कुणीतरी चुकीचा पासवर्ड टाकून टाकून तुमचं खातं बंद पाडलंय. कुणाला सांगितला होता का?"

"तोबा करा, साहेब. दुनियेत फक्त मला ठाऊक."

"बघा बरं. फुटला असंल तर मला माणूस बदलावा लागंल."

दारात शिपाई रामकिसन चहा घेऊन उभा होता. सरळ माणूस.

"चाचा, काल तुम्ही जुम्म्याच्या नमाजाला गेल्ते. फाईल अडकू नये म्हून मीच टाकला. मोठ्या सायबाकडं जायाचं, म्हून समदी अक्षरं मोठी टाकली."

"लहान लागतात," सिराजोद्दीन नकळत बोलून गेला. मग त्यानं रिसीव्हरवर हात दाबला. "पण तुला सांगितला कुणी?"

"तुम्हीच की. एकेक अक्षर बोलत बोलत टाकून राह्यले रोज. झाडूवाल्या चांगुणाबाईला तर चालीवर पाठ हाय."

सिराजोद्दीननं हात काढला. "चौकशी केली, साहेब. काल माझंच बोट चुकलं."

रामकिसनला बाहेर घालवून त्यानं दार लावलं. सर्जेरावांनी नवा पासवर्ड सांगितला. लाईन खरखरत होती, म्हणून प्रत्येक अक्षर सिराजोद्दीनला ओरडून पक्कं करून घ्यावं लागलं. कागदावर लिहायचा नाही, हा त्याचा नियम. फोन ठेवून तो ओठ घट्ट मिटून पासवर्ड टाकायला बसला, आणि तिसऱ्याच अक्षराला डोकं कोरं पडलं. पुन्हा फोन करावा तर पोती ठरलेली.

बऱ्याच वेळानं त्यानं दार उघडलं. रामकिसन तिथंच होता.

"नवा ऐकू आला का?"

"पुरा न्हाई, चाचा. शेवटची दोन अक्षरं कुलरच्या आवाजात गेली."

"ती मला याद हायेत," सिराजोद्दीन म्हणाला. "आत ये. अन् दार लाव."