फळा कोरा राहिला त्या दिवशी

आमची आत्या वारली त्या दिवशी तिनं दोन बशा पोहे खाल्ले. त्यातली दुसरी बशी तर तिच्याच दुखवट्याला आलेल्या पाहुण्यांसमोर खाल्ली, आणि वर लिंबू मागून घेतलं.

या सगळ्याला मी जबाबदार आहे असं घरचे म्हणतात. माझं म्हणणं, फळा जबाबदार आहे. तीर्थपुरीच्या चौकात माझं पाईप, नळ आणि मोटारीच्या सामानाचं दुकान आहे. बाहेर एक काळा फळा टांगलेला आहे. आणला होता पाईपांचे भाव लिहायला. पण भाव वाचून गिऱ्हाईक फळ्याशीच घासाघीस करायचं आणि आत न येताच निघून जायचं. मग मी भाव पुसले आणि रोज सकाळी तीन गोष्टी लिहायला लागलो : एक माहिती, एक गंमत आणि एक घरची गोष्ट. माहिती म्हणजे, "ऑक्टोपसला तीन हृदयं असतात." गंमत कुठूनतरी ऐकलेली. घरची गोष्ट मात्र अस्सल घरची. उदाहरणार्थ, "काल भाजीत मीठ नव्हतं. तसं सांगितलं. आज भाजीच नाही." (हे लिहिल्यावर दुसऱ्या दिवशी भाकरीही नव्हती, पण ते मी लिहिलं नाही. माणसानं कुठं थांबायचं ते कळायला हवं.)

येणारा-जाणारा फळ्याकडे बघायचा. समोर मुंजाभाऊचं चहाचं हॉटेल, तिथले लोक तर कप हातात घेऊन बघायचे. मी स्वतःला चौकातला लेखक समजायला लागलो होतो. चौकात दुसरा कुणी लेखक नसल्यामुळे या मताला विरोधही झाला नाही.

एवढ्या वर्षांत फळा एकदाच कोरा राहिला होता. आमचे वडील गेले तेव्हा. दुकान बंद केलं, ओल्या फडक्यानं फळा पुसला आणि सुतक फिटेपर्यंत त्याला खडू लावला नाही. ही गोष्ट मी पार विसरलो होतो. गाव विसरलं नव्हतं.

आता आमच्या प्रतीक्षाबद्दल सांगतो. ही माझ्या थोरल्या भावाची, दादाची मुलगी. जालन्याला रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी करते. लॅबशेजारी औषधांचं दुकान, त्या दुकानात शहागडचा एक मुलगा, आणि पुढचं तुम्हाला कळलंच. तिनं ते माझ्या बायकोला, सुमनला सांगितलं. सुमननं मला सांगितलं, तेही फळ्यावर लिहिणार नाही अशी शपथ घालून. मग आम्ही एक मध्यस्थ गाठला आणि ते स्थळ दादाकडे असं पोहोचवलं की जणू ते आपल्या पायानं चालत आलं. दादाला पसंत पडलं. मुलाच्या वडिलांचीही हरकत नव्हती. घोडं अडणार होतं एकाच ठिकाणी. मुलाची आई शकुन पाहणारी. आधीचं एक स्थळ तिनं केवळ चहाचा ट्रे बाहेर येताना लाईट गेली म्हणून मोडलं होतं.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी दादा दुकानात आला. त्याच सकाळी मी लिहिलं होतं, "शहामृगाचा डोळा त्याच्या मेंदूपेक्षा मोठा असतो. घरची गोष्ट : आमच्या थोरल्यांनी काल डोक्यावर चष्मा ठेवून घरभर चष्मा शोधला." दादानं ते शांतपणे वाचलं. या वेळी चष्मा डोळ्यांवर होता.

"उद्या पाहुणे येऊन जाईस्तोर ह्याच्यावर एक अक्षर न्हाई पाह्यजे," तो म्हणाला. "बिलकुल कोरा ठेव. अन् दुकान बी उघडू नको."

संध्याकाळी प्रतीक्षाही म्हणाली, "काका, उद्याचा एक दिवस तुम्ही काहीच करू नका." मी तिला शब्द दिला. दुकान बंद केलं, ओलं फडकं घेतलं आणि फळा आरशासारखा लख्ख पुसला. आयुष्यात पहिल्यांदा मी दादाचं तंतोतंत ऐकलं होतं.

तेवढ्यावर भागलं असतं. पण सुमनला माझे पांढरे केस आठवले. पाहुण्यांसमोर चुलता म्हातारा दिसायला नको म्हणून तिनं रात्री माझ्या डोक्याला काळा रंग फासला. सकाळी उठलो तर डोक्याला अशी खाज, की मी दाराच्या चौकटीला डोकं घासत उभा होतो. शेवटी एकच उपाय उरला. चौकातल्या न्हाव्याकडे गेलो आणि म्हणालो, सगळे काढ.

हा न्हावी एरवी इतकं बोलतो की वस्तरा बिचारा मधल्या मोकळ्या वेळात चालतो. त्या दिवशी गडी गप्प. त्यानं माझ्या खुर्चीमागून बंद दुकान पाहिलं, कोरा फळा पाहिला आणि हलक्या हातानं कामाला लागला. मला वाटलं, माझ्या खाजेची त्याला दया आली. गोटा झाल्यावर त्यानं खालच्या आवाजात विचारलं, "भाऊ, मिशी बी?"

"मिशीला काय झालं?" मी म्हणालो. "मिशी राहू दे."

बाहेर आलो तर मुंजाभाऊनं हॉटेलातला रेडिओ बंद केला. शेजारच्या किराणावाल्या शेठनी माझ्याकडे पाहून हात जोडले आणि शटर अर्धं खाली ओढलं. सकाळच्या वेळी शटर का ओढलं असेल, याचा मी घरी येईपर्यंत विचार करत होतो. शेठला ऊन लागत असेल असं ठरवून मी पोह्यांसाठी कांदे चिरायला बसलो.

घरात आत्या होती. ऐंशी ओलांडलेली आमची आत्या, खास या कार्यक्रमासाठी अंतरवाली सराटीहून आलेली. थोडे पोहे आधीच झाले होते, त्यांची चव बघायची म्हणून तिनं पहिली बशी खाल्ली आणि मागच्या खोलीत साडी बदलायला गेली. इतक्यात दारात रडण्याचा आवाज आला. आमच्या गल्लीतल्या आणि भावकीतल्या बाया पदर डोळ्यांना लावून "कशी गं गेलीस माय" म्हणत आत शिरल्या. एकीच्या हातात पिठलं-भाकरीचं टोपलं होतं, कारण दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही. मी चाकू हातात घेऊन उभा राहिलो. कांद्यानं माझे डोळे लाल झालेले, डोक्याचा गोटा झालेला. मला बघून त्यांचा आवाज दुप्पट झाला.

तो ऐकून आत्या बाहेर आली. दुखवट्याला रडण्यात आमच्या आत्याचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नाही. तिनं विचारपूस वगैरे काही केली नाही. सरळ पहिल्या बाईच्या गळ्यात पडली आणि असा हंबरडा फोडला की पुढचे पोहे चाळणाऱ्या सुमनलाही रडू फुटलं. बायांनी आत्याला जिवंत पाहिलं होतं, पण सुरू झालेलं रडणं मध्येच थांबवायचं कसं? शिवाय आत्या नसेल तर दुसरं कुणीतरी गेलं असणारच. चांगलं मनसोक्त रडून झाल्यावर आत्यानं पदरानं नाक पुसलं आणि विचारलं, "कोण गेलं गं?"

 मग टोपलंवाली हळूच म्हणाली, "आम्हाला तर तुम्हीच गेल्या असं कळलं."

"मी?" आत्या म्हणाली. "मंग मला कोणी सांगितलं कसं न्हाई?"

सुमननं धावत जाऊन फोन पाहिला. कुणीतरी कोऱ्या फळ्याचा फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला होता. खाली एकानं विचारलं होतं, कोण? दुसऱ्यानं लिहिलं होतं, म्हातारी आत्या कालच आल्ती त्यांच्याकडं. त्यानंतर सगळी श्रद्धांजलीच. एकानं तर आत्याचा फोटोही शोधून टाकला होता, कुठल्याशा लग्नातला. त्यात आत्याशेजारी माझा अर्धा खांदा दिसत होता आणि तो खांदा जिलेबी खात होता.

तेवढ्यात दादा शेतातून धावत आला. वाटेत कुणीतरी त्याला "घरी जल्दी जा" एवढंच सांगितलं होतं. त्यानं धापा टाकत एकेकाला पाहून घेतलं. आत्या होती, सुमन होती, वहिनी होती, प्रतीक्षा होती. सगळी माणसं जागेवर होती. मग त्याची नजर माझ्या डोक्यावर गेली.

"हे कोणासाठी काढले?"

"खाज सुटली म्हणून."

दादानं कपाळावर हात मारला. (इथं त्याचा चष्मा पडला, पण ते मी त्या दिवशी कुणाला सांगितलं नाही.)

खरं संकट पुढेच होतं. गावातल्या कुणा सोयऱ्यानं शहागडला फोन लावला होता. पाहुणे तोवर निघालेले. मुलाचा प्रतीक्षाला निरोप आला की आई म्हणते, बघण्याच्याच दिवशी घरात माणूस गेलं, एवढा अपशकुन झाल्यावर विषयच संपला. अर्ध्या रस्त्यात आलोय तर दुखवट्याला बसून येऊ. प्रतीक्षानं लगेच उलटं कळवलं, कुणीही गेलेलं नाही. त्यावर आईचं म्हणणं आलं की स्थळ हातचं जाऊ नये म्हणून लोक सुतकसुद्धा लपवतात. म्हणजे अपशकुनी तर होतोच, आता लबाडही ठरलो.

प्रतीक्षा नेसलेल्या साडीनिशी न्हाणीघराच्या पायरीवर जाऊन बसली. मला पाहून रडली नाही, ओरडलीही नाही. "काका, मोडलं," एवढंच म्हणाली. मला इतकं वाईट वाटलं की सांगता येत नाही. लहानपणी या पोरीला मी खांद्यावर घेऊन फळा वाचायला शिकवलं होतं, आणि तिचं लग्न मी त्याच फळ्यानं मोडत होतो.

बाहेर गाडी थांबली. मी ठरवलं की घरात आनंदीआनंद आहे हे पाहुण्यांना पहिल्या नजरेत दिसलं पाहिजे. म्हणून दारात गेलो आणि बत्तीशी दाखवून म्हणालो, "या, या, फार आनंद झाला." दुखवट्याच्या घरी नुकता गोटा केलेला माणूस दात काढून हसतोय हे पाहून मुलाचे वडील एक पाऊल मागे सरले. मुलगा चपलांकडे बघत राहिला. आईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि आत येऊन सतरंजीच्या कडेला बसली. पाण्याच्या तांब्याला हात लावला नाही. पेढ्यांचा पुडा गाडीतच ठेवून आले होते.

मी सगळं समजावून सांगितलं. फळा, रंग, खाज. मुलाची आई माझ्या डोक्याकडे बघत ऐकत होती. माझंच बोलणं मला खोटं वाटायला लागलं.

तेव्हा आत्या आली. हातात पोह्यांची बशी. ती मुलाच्या आईशेजारी मांडी घालून बसली आणि खायला लागली.

"माझ्यासाठीच आल्या ना तुम्ही?" ती म्हणाली. "ही मी. सुमन, लिंबू दे गं."

आईनं आत्याला नीट न्याहाळलं. आत्यानं लिंबू पिळलं, बोट चाटलं आणि म्हणाली, "जित्या माणसाची मेल्याची बातमी उठली की त्याचं आयुष्य वाढतं. हे तर तुमच्याकडं बी मानतात."

"मानतात," आई सावधपणे म्हणाली.

"अन् ज्या दिवशी घरात आयुष्य वाढलं, त्याच दिवशी सोयरीक झाली तर जोडप्याचं बी वाढतं." (यातला दुसरा भाग आत्यानं जागच्या जागी तयार केला होता. मी तिला ओळखतो.)

त्याच क्षणी प्रतीक्षा चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली, आणि लाईट गेली. पंखा हळूहळू थांबत गेला. सगळ्यांनी पंख्याकडे पाहिलं. दादानं डोळे मिटले. प्रतीक्षा ट्रे घेऊन उंबऱ्यातच थांबली. मुलगा कधी नव्हे ते मान वर करून आईकडे पाहत होता.

आईनं पंखा पूर्ण थांबू दिला. मग म्हणाली, "लाईट काय, आमच्याकडं बी रोजच जाऊन राह्यली." आणि आत्याकडे वळली. "पण मेलेलं माणूस लिंबू मागून राह्यलं, ह्याच्याहून मोठा शकुन म्या तरी बघितला न्हाई." तिनं ट्रेमधला कप उचलला आणि नवऱ्याला गाडीतले पेढे आणायला सांगितलं. प्रतीक्षा आत पळाली. सुमन पुन्हा रडली, या वेळी कारण होतं.

दुसऱ्या दिवशी दादानं स्वतः मला पहाटे उठवून दुकानात पाठवलं. मी फळ्यावर जीव ओतला. माहिती ताजी, गंमत नवीकोरी, आणि घरच्या गोष्टीत आत्याचं अख्खं मरण मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं. गाव या लेखनाला किती मुकलं होतं ते आता कळेल, अशा हिशोबानं बाजूला उभा राहिलो. दूधवाला आला, लांबूनच नजर टाकून गेला. शेठनी बघितलं आणि शटर पूर्ण वर केलं. वाचायला कुणीच थांबेना. शेवटी मी मुंजाभाऊला विचारलं, कसं वाटलं आजचं?

"काय लिव्हलं ते कोण वाचतंय, भाऊ?" तो कप विसळत म्हणाला. "काहीतरी लिव्हलंय म्हणल्यावर तुमच्या घरचे सगळे बरे. तेवढंच बघतो आम्ही."

मला हे पटलं नाही. खात्री करावी म्हणून पुढच्या दिवशी मी माहिती, गंमत काही न लिहिता फळ्यावर नुसत्या आडव्या-उभ्या रेघोट्या ओढल्या आणि वाट बघत बसलो. मुंजाभाऊनं हॉटेलातूनच मान वर करून पाहिलं आणि समाधानानं म्हणाला, "बराबर."